अडल्यावेळचा आधार : ख्रिस्ती सेवाकार्य आणि सामाजिक सुरक्षेचा प्रश्न

मोलमजुरीवर जगणारे कुटुंब उत्पन्न तुटपुंजे असूनही वर्षानुवर्षे तग धरून असते. मात्र एखादे दीर्घ दुखणे, एखादा कोरडा हंगाम किंवा कर्त्या माणसाचा मृत्यू एवढे निमित्तही त्याची घडी विस्कटण्यास पुरेसे ठरते. अर्थशास्त्रात दारिद्र्य आणि असुरक्षितता या दोन संकल्पना वेगळ्या मानल्या जातात त्या याच कारणाने. दारिद्र्य आजची स्थिती सांगते, तर असुरक्षितता उद्या कोसळण्याची शक्यता सांगते. भारतीय राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने बेकारी, वार्धक्य, आजारपण व विकलांगता या प्रसंगी नागरिकाला सार्वजनिक साहाय्य मिळावे, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले आहे. तथापि ते ‘राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अमलात आणावयाचे आहे. ही मर्यादा जिथे आड आली, तिथे कुटुंब, जात-जमात, धर्मसंस्था आणि स्वयंसेवी संघटना यांनी कमीअधिक प्रमाणात आधार दिला.

या आधाराची भारतातील एक दीर्घ परंपरा म्हणजे ख्रिस्ती सेवाकार्य. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे २.७८ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या २.३ टक्के होती. रुग्णालये, कुष्ठधामे, अनाथालये आणि आपत्ती निवारण या क्षेत्रांतील ख्रिस्ती संस्थांचे अस्तित्व या प्रमाणापेक्षा कितीतरी मोठे आहे. या कार्याकडे केवळ श्रद्धेच्या किंवा केवळ संशयाच्या नजरेने पाहिल्यास त्यातून धोरणविषयक बोध होत नाही. ते कोणत्या परिस्थितीत यशस्वी झाले, कोठे अपुरे पडले आणि शासनाने त्यातून काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आघातांचे दोन प्रकार

संकटात सापडलेल्या कुटुंबांना कोणते साहाय्य लागते, हे आघाताच्या स्वरूपावर अवलंबून असते. दुष्काळ, भूकंप, महापूर, साथीचे रोग हे सामाईक आघात होत. त्यांत संपूर्ण प्रदेश एकाच वेळी सापडतो. शेजारी, सोयरे, सावकार सगळेच अडचणीत असल्याने स्थानिक परस्परसाहाय्य निरुपयोगी ठरते आणि मदत बाहेरूनच यावी लागते. याउलट अपघात, वैधव्य, कर्करोग, कुष्ठरोग हे वैयक्तिक आघात होत. त्यांत गाव सुस्थितीत असते आणि एकच घर कोलमडते. येथे साधनांची कमतरता हा मुख्य प्रश्न नसतो. ते घर कोणाच्या दृष्टीस पडणार आणि त्याला सावरण्याची जबाबदारी कोण घेणार, हा खरा प्रश्न असतो.

पॅरिसमध्ये १८३३ साली स्थापन झालेली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी ही दुसऱ्या प्रकारच्या आघातांसाठी उभी राहिलेली संघटना म्हणून उल्लेखनीय आहे. मुंबई, वसई, गोवा येथील अनेक चर्चच्या क्षेत्रांत तिच्या शाखा आहेत. सदस्यांनी गरजू कुटुंबाच्या घरी स्वतः जावे, परिस्थिती पाहावी आणि मगच औषध, घरभाडे, शालेय खर्च अशी मदत ठरवावी, हा तिचा प्रघात आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत हा माहितीच्या अभावावरचा उपाय आहे. दूरच्या कार्यालयाला जे अर्जावरून कळत नाही, ते उंबरठ्यावर कळते.

दुष्काळातील दोन धडे

सामाईक आघातांच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांचा अनुभव आजही बोलका आहे. १८७६ ते १८७८ या काळात दक्षिण भारतात भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी आजच्या आंध्र प्रदेशातील ओंगोल येथे जॉन क्लॉ हे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी काम करीत होते. सरकारने दुष्काळी कामे म्हणून बकिंगहॅम कालव्याचे खोदकाम हाती घेतले होते. क्लॉ यांनी त्यापैकी काही मैलांचे कंत्राट स्वतःकडे घेतले आणि उपासमारीने गांजलेल्या मजुरांना, त्यांत प्रामुख्याने अस्पृश्य मानल्या गेलेल्या मादिगा समाजाला, काम व मजुरी मिळवून दिली. फुकट धान्य वाटण्याऐवजी रोजगार देणे, हेच तत्त्व पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींत आणि त्यानंतरच्या दुष्काळ संहितांत ठळकपणे आले.

या प्रकरणाची दुसरी बाजू अधिक विचार करायला लावणारी आहे. दुष्काळाच्या काळात धर्मांतराची इच्छा व्यक्त करणारे पुष्कळ होते, पण क्लॉ यांनी मदतकार्य चालू असेपर्यंत बाप्तिस्मा देणे थांबवून ठेवले. ते संपल्यावर, जुलै १८७८ मध्ये, एकाच दिवशी २,२२२ जणांना बाप्तिस्मा देण्यात आला. मदत आणि धर्मप्रवेश यांच्यात अंतर ठेवले पाहिजे, याची जाणीव त्या काळीही होती, हे यावरून दिसते. त्याचबरोबर केवळ काही महिन्यांचे अंतर ठेवल्याने उपकाराचे दडपण पूर्णपणे नाहीसे होते का, हा प्रश्नही शिल्लक राहतो. त्याच्या जोडीला आणखी एक वास्तव ध्यानात घ्यावे लागते. ज्या समाजाला गावाने शतकानुशतके माणूस म्हणून वागवले नव्हते, त्याच्या निर्णयामागे भाकरीइतकीच प्रतिष्ठेची ओढही असू शकते.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. पंडिता रमाबाई यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. तेथे धार्मिक तटस्थता पाळली जाईल, अशी अपेक्षा होती. काही मुलींच्या ख्रिस्ती धर्माकडील ओढ्यावरून वाद पेटला आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी संस्थेशी असलेला संबंध सोडला. विश्वास हे सेवासंस्थेचे भांडवल असते आणि ते किती चटकन आटू शकते, याचे हे उदाहरण होय.

मात्र रमाबाईंच्या कार्याचा मोठा अध्याय यानंतरचा आहे. त्यांनी स्वतः तरुणपणी दुष्काळाच्या हलाखीत आईवडील गमावले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार स्त्रिया व मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही अनेक जणी तेथे आल्या आणि आश्रितांची संख्या दीड हजारांच्या वर गेली. शेती, गोपालन, विणकाम, छपाई अशी कामे तेथे शिकविली जात. अंध स्त्रियांसाठी स्वतंत्र व्यवस्था होती. दुष्काळ ओसरल्यावर सरकारी मदतकेंद्रे बंद होत, पण पोरक्या मुलीचा किंवा विधवेचा दुष्काळ पावसाबरोबर संपत नसे. मदतीचा कालावधी आघाताच्या कालावधीवरून न ठरविता आघाताच्या परिणामांवरून ठरविला पाहिजे, हा केडगावचा धडा आहे.

कुष्ठरोग : उपचाराकडून उपजीविकेकडे

वैयक्तिक आघातांमध्ये कुष्ठरोगाइतका एकाकी करणारा दुसरा रोग क्वचितच असेल. अंबाला येथे शिक्षक म्हणून आलेले आयरिश गृहस्थ वेलस्ली बेली यांनी १८६९ मध्ये तेथील कुष्ठरुग्णांची अवस्था पाहिली आणि १८७४ मध्ये डब्लिन येथे त्यांच्यासाठी संस्था स्थापन केली. आज ती ‘द लेप्रसी मिशन’ या नावाने ओळखली जाते. त्या काळी रोगावर खात्रीचे औषध नव्हते. निवारा, अन्न, जखमांची मलमपट्टी आणि माणसाचा सहवास एवढेच देणे शक्य होते.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४६ मध्ये रुजू झालेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी या क्षेत्राला नवी दिशा दिली. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडत नाहीत, संवेदना नाहीशी झाल्याने होणाऱ्या जखमा, भाजणे व दुर्लक्ष यांमुळे ती गमावली जातात, हे त्यांनी दाखवून दिले. स्नायूबंधांच्या शस्त्रक्रियेने वाकडे झालेले हात पुन्हा कामाचे करता येतात, हेही त्यांनी सिद्ध केले. मात्र येथे एक अनपेक्षित आर्थिक पेच उद्भवला. हात सुधारलेला रुग्ण बाहेर गेल्यावर त्याला काम कोणी देईना आणि विकृती झाकली गेल्याने भिक्षाही मिळेनाशी झाली. यशस्वी शस्त्रक्रियेने त्याचे उत्पन्न घटले! त्यामुळे रुग्णांना सुतारकाम, खेळणी बनविणे अशी कौशल्ये शिकविणारे केंद्र उभारावे लागले. आरोग्य, कौशल्य आणि सामाजिक स्वीकार या तीन गोष्टी एकत्र आल्याशिवाय पुनर्वसन पूर्ण होत नाही, हे सूत्र यातून पक्के झाले. महाराष्ट्रात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे अमरावतीचे तपोवन आणि बाबा आमटे यांचे आनंदवन यांनीही वेगळ्या प्रेरणेतून हेच सूत्र आचरणात आणले.

रोगाचा प्रसार रोखण्याचे काम मात्र शासकीय यंत्रणेशिवाय होणे शक्य नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, १९८३ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला आणि डिसेंबर २००५ मध्ये देशातील प्रमाण दर १०,००० लोकसंख्येमागे एका रुग्णापेक्षा खाली आले. त्यानंतरही बहुतेक वर्षी देशात लाखभर नवे रुग्ण आढळत आले आहेत. कायद्यातील कलंकही हळूहळूच पुसला गेला. १८९८ चा कुष्ठरोगीविषयक कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद २०१९ मध्ये वगळण्यात आली. धर्मादाय संस्थांनी प्रयोग करावेत, शासनाने ते सर्वदूर न्यावेत आणि कायद्याने प्रतिष्ठेची हमी द्यावी, अशी ही श्रमविभागणी आहे.

ज्यांच्यासाठी परतावा नाही

सामाजिक खर्चाचे समर्थन करताना अर्थतज्ज्ञ सहसा ‘मानवी भांडवला’चा आधार घेतात. बालकाच्या पोषणावर किंवा शिक्षणावर केलेला खर्च भविष्यात उत्पादकतेच्या रूपाने परत येतो, हा तो युक्तिवाद. परंतु मृत्युशय्येवर असलेल्या माणसावरील खर्चाला असा कोणताही परतावा नाही. मदर तेरेसा यांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघाला १९५० मध्ये मान्यता मिळाली आणि १९५२ मध्ये कोलकात्याच्या कालीघाट परिसरात रस्त्यावर मरणासन्न अवस्थेत सापडलेल्यांसाठी निर्मल हृदय सुरू झाले. या माणसांना पत्ता नव्हता, शिधापत्रिका नव्हती, मतदार म्हणून वजन नव्हते. कोणत्याही लाभार्थी यादीत त्यांचे नाव येण्याची शक्यता नव्हती.

या गृहांतील वैद्यकीय उपचारांचा दर्जा व वेदनाशमनाची अपुरी व्यवस्था यांवर पुढे गंभीर टीकाही झाली. ती टीका नजरेआड करता येत नाही, कारण करुणेला कौशल्याची जोड हवीच. या दृष्टीने मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झालेले शांती आवेदना सदन महत्त्वाचे ठरते. बरे होण्याच्या पलीकडे गेलेल्या कर्करुग्णांसाठीची ही भारतातील पहिली सुश्रूषा संस्था होय. वेदनाशमन हे वैद्यकशास्त्राचे स्वतंत्र अंग आहे, या जाणिवेने तेथे काम सुरू झाले. पुढे गोवा व दिल्ली येथेही तिच्या शाखा निघाल्या.

सेवेचे अर्थकारण

अशा संस्था आर्थिकदृष्ट्या टिकतात कशा? याची प्रामुख्याने चार कारणे सांगता येतील. पहिले कारण समर्पित श्रमांचे आहे. धर्मभगिनी व धर्मबंधू बाजारभावाने वेतन घेत नाहीत. हे श्रम म्हणजे संस्थेला मिळणारे अदृश्य अनुदानच असते. दुसरे कारण आंतर-अनुदानाचे आहे. वेल्लोरसारख्या रुग्णालयात पैसे भरू शकणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून गरिबांच्या उपचारांचा भार अंशतः उचलला जातो. तिसरे कारण संघटनात्मक जाळ्याचे आहे. फाळणीच्या निर्वासितांसाठी १९४७ मध्ये सुरू झालेली ‘कासा’, १९६२ मध्ये स्थापन झालेली कॅरिटास इंडिया आणि १९४३ मध्ये गुंटूर येथे सिस्टर मेरी ग्लोरी यांच्या पुढाकाराने आकारास आलेली कॅथलिक आरोग्यसंस्थांची संघटना यांनी विखुरलेल्या संस्थांना एकत्र बांधले. त्यामुळेच २००४ च्या त्सुनामीसारख्या प्रसंगी स्थानिक चर्च हे मदतवाटपाचे तयार केंद्र ठरू शकले.

चौथे कारण विश्वासाचे आहे. देणगीदार एका ठिकाणी असतो आणि लाभार्थी दुसऱ्याच ठिकाणी. मदत पोहोचली की नाही, हे देणगीदाराला तपासता येत नाही. अशा स्थितीत नफा वाटून न घेणारी संस्था अधिक विश्वासार्ह वाटते, असे प्रतिपादन हेन्री हान्समन यांनी १९८० मध्ये केले. धर्मनिष्ठा ही या विश्वासाला मिळालेली आणखी एक हमी होय.

हे चारही आधार कायमचे नाहीत. व्रतस्थ जीवन पत्करणाऱ्यांची संख्या घटली की पगारी कर्मचारी नेमावे लागतात आणि खर्च वाढतो. परदेशी देणग्यांचा ओघ इतर देशांच्या अर्थस्थितीवर व आपल्या नियमांवर अवलंबून राहतो.

स्वयंसेवी क्षेत्राच्या मर्यादा

ज्याप्रमाणे बाजाराचे अपयश व शासनाचे अपयश असते, त्याप्रमाणे स्वयंसेवी क्षेत्राचेही अपयश असते, असे लेस्टर सॅलमन यांनी १९८७ मध्ये मांडले. परीक्षार्थींनी त्यांचे चार मुद्दे लक्षात ठेवावेत.

१. अपुरेपणा : संकट मोठे असते तेव्हा गरज वाढते आणि नेमक्या त्याच वेळी देणाऱ्यांची क्षमता घटते.
२. पक्षपाताची शक्यता : मदत विशिष्ट समाज, भाग किंवा पंथापुरती मर्यादित राहू शकते.
३. पालकत्वाची वृत्ती : कोणाला काय हवे हे लाभार्थी ठरवीत नाही, दाता ठरवितो.
४. हौशीपणा : सद्भावना असते, परंतु व्यावसायिक कौशल्य कमी पडते.

वर पाहिलेल्या प्रत्येक उदाहरणात यांपैकी कोणता ना कोणता मुद्दा दिसतो. दुष्काळात हजारोंना आधार मिळाला, पण बळींची संख्या लाखोंच्या घरात होती. याला जेम्स ब्युकॅनन यांनी १९७५ मध्ये वर्णिलेल्या दात्याच्या पेचाची जोड देता येईल. मदत नाकारणे दात्याला असह्य होते आणि मदत देत राहिल्यास परावलंबन वाढू शकते. कालव्याचे काम, केडगावचे विणकाम आणि वेल्लोरचे सुतारकाम ही या पेचावर शोधलेली व्यवहार्य उत्तरे होती.

कायद्याची चौकट

सेवासंस्था १८६० चा संस्था नोंदणी कायदा, राज्यांचे न्यासविषयक कायदे किंवा कंपनी कायदा, २०१३ चे कलम ८ यांखाली नोंदविल्या जातात. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांचे नियंत्रण असते. केंद्रीय सांख्यिकी संघटनेच्या पाहणीनुसार २००८ पर्यंत देशात सुमारे ३१.७ लाख ना-नफा संस्था नोंदल्या गेल्या होत्या. त्यांतील बऱ्याच संस्था प्रत्यक्ष पडताळणीत सापडल्या नाहीत. २००७ च्या राष्ट्रीय स्वयंसेवी क्षेत्र धोरणाने शासन व या संस्था यांच्यातील भागीदारीचे तत्त्व मान्य केले.

परदेशी देणग्यांसाठी १९७६ चा व त्याची जागा घेणारा २०१० चा परकीय अंशदान (नियमन) कायदा महत्त्वाचा आहे. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, मिळालेला निधी अन्य संस्थेकडे वळविण्यास मनाई केली आणि नवी दिल्लीतील ठरावीक बँक शाखेतच खाते बंधनकारक केले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये या तरतुदी मूलतः वैध ठरविल्या. निधीच्या गैरवापराला आळा बसावा, हा त्यामागील हेतू सांगितला जातो. दुर्गम भागातील लहान संस्था मोठ्या संस्थांच्या निधीवर अवलंबून असल्याने त्यांच्या कामाला खीळ बसते, हा त्यावरील आक्षेप आहे. डिसेंबर २०२१ मध्ये मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या नोंदणीचे नूतनीकरण नाकारले गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये ती पूर्ववत झाली. नियमनातील अनिश्चिततेचा भार अखेर आश्रितांवर पडू नये, याची काळजी घेण्याची गरज या घटनेने अधोरेखित केली.

धर्मस्वातंत्र्याच्या संदर्भात घटनेचे २५ व २६ हे अनुच्छेद पाहावेत. धर्मादाय संस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क अनुच्छेद २६ मध्ये आहे. अनुच्छेद २५ मधील धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क समाविष्ट होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. सेवेच्या दृष्टीने यातून निघणारा व्यावहारिक निकष सरळ आहे. गरज हीच मदतीची एकमेव अट असावी आणि ती श्रद्धेच्या प्रश्नापासून अलिप्त असावी. हा निकष सर्व धर्मांच्या सेवासंस्थांना सारखाच लागू होतो.

दान आणि हक्क

१९९५ मधील राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम, २००५ चा ग्रामीण रोजगार हमी कायदा, २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा आणि २०१८ ची आयुष्मान भारत योजना या टप्प्यांनी साहाय्य हे दानाकडून हक्काकडे सरकत गेले. ही दिशा योग्यच आहे. दानावर दावा सांगता येत नाही. ते न मिळाल्यास दाद मागण्याची जागा नसते. हक्क मात्र कागदावर असूनही ज्याच्याकडे कागद नाही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. घराने टाकलेली वृद्धा, स्मृती हरपलेला वाटसरू, परप्रांतात आजारी पडलेला मजूर यांना आधी कोणीतरी शोधावे लागते, ओळखपत्र मिळवून द्यावे लागते, अर्ज भरावा लागतो आणि तोवर जगवावे लागते.

सेवासंस्थांचे पुढील काळातील प्रमुख कार्य बहुधा हेच राहील. निधीची व्याप्ती, समान नियम व कायदेशीर हमी ही शासनाची बलस्थाने आहेत. निकटचा संपर्क, चिकाटी आणि परताव्याचा हिशेब न मांडता एका माणसाजवळ थांबण्याची तयारी हे सेवासंस्थांचे बळ आहे. शासनाने आपली जबाबदारी त्यांच्यावर ढकलू नये आणि त्यांनी पारदर्शकता, व्यावसायिक कौशल्य व लाभार्थ्याच्या विवेकस्वातंत्र्याचा आदर या कसोट्यांपासून सूट मागू नये. कोणत्याही सामाजिक सुरक्षा व्यवस्थेचे मूल्यमापन शेवटी एकाच प्रश्नाने करता येते : ज्याच्यासाठी बोलणारे कोणी नाही, त्याच्यापर्यंत ती पोहोचली का? कुष्ठधामातील रुग्ण आणि कालीघाटच्या पदपथावरील अनामिक यांनी हा प्रश्न आपल्यासमोर ठेवला आहे, आणि त्याचे उत्तर देण्याचे दायित्व शासन व समाज या दोघांचेही आहे.